भोगी, संक्रांत, करिदिन आणि अंजनेरी

दिवस पहिला: भोगी

मावसभाऊ पुण्याहून आला तो पाठीवरची कॅमेऱ्याची बॅग न उतरवता थेट स्वयंपाकघरात. "ताई, निघायचं कधी?" तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, शेजारच्या शेगडीवर भोगीची भाजी. सासूबाई म्हणाल्या, "जो न खाई भोगी, तो सदा रोगी. आधी बसा." मग बसलो. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरं आणि वरून लोण्याचा गोळा. पुढचे तीन दिवस पहाटे चारला उठायचं होतं, त्यामुळे हे जेवण कामी आलं.

बेत साधा होता. दोन दिवस नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य, एक दिवस येवल्याकडचं ममदापूरचं माळरान आणि शेवटी अंजनेरीचा डोंगर. मी नाशिकची असूनही नांदूरला राहून पक्षी कधी पाहिले नव्हते. आजवर सकाळी जायचं आणि दुपारी परतायचं, एवढंच झालं होतं. या वेळी मनात एकच फोटो होता. धुकं, त्यातून उतरणारे पट्टकादंब जातीचे हंस, आणि ते इतके जवळ की डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता यावेत. तीन हिवाळे मी त्या फोटोच्या मागे आहे.

अडीचला निघालो. संभाजीनगरच्या रस्त्याने चांदोरी, तिथे गोदावरी ओलांडून सायखेडा. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये उसाचे फड, अधूनमधून कांद्याच्या रोपांचे हिरवे वाफे. आत्याचा मळा सायखेड्याच्या पुढे आहे. पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विहिरीवर एक खंड्या आणि विजेच्या तारेवर दोन वेडे राघू. भाऊ लगेच कॅमेरा काढायला निघाला. मी त्याला आधी लेन्सच्या पिशवीत हरभरे भरायला बसवलं. जमिनीवर झोपून फोटो काढताना लेन्सखाली धान्याची पिशवी असली की तिपाईची गरज पडत नाही. कापडाची शिवलेली रिकामी पिशवी घरून न्यायची आणि धान्य मुक्कामी भरायचं, म्हणजे ओझंही वाहावं लागत नाही. आत्याने दोन किलो हरभरे मोजून दिले आणि म्हणाली, "परत आणशीन ना? बियाण्याचे आहेत."

रात्री जेवून बाहेर आलो तर बागेच्या कडेने ओळीने शेकोट्या पेटलेल्या. निफाड तालुक्यातली थंडी आम्हा नाशिककरांना वर्तमानपत्रातून ठाऊक असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते रोज पहिल्या पानावर येतं. त्या आकड्याचा अर्थ इथे कळला. पारा चारच्या आसपास आला की द्राक्षाच्या मण्यांची वाढ थांबते, आणि फुगायला लागलेला मणी तडकतो. म्हणून आत्याचा मुलगा रात्री दोनला उठून बागेत धूर करतो आणि पहाटे ठिबकचं पाणी सोडतो. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. मी त्याला विचारलं, झोपतोस कधी? तो म्हणाला, "माल गेल्यावर."

शेकोटीपाशी बसलो असताना वरून आवाज गेला. अंधारात काही दिसलं नाही, फक्त नाकातून काढल्यासारखा घोगरा 'आंग आंग' उत्तरेकडून नदीकडे सरकत गेला. आत्याचा मुलगा वर न बघताच म्हणाला, "हरभऱ्यात चाललेत चरायला."

दिवस दुसरा: संक्रांत

पावणेपाचला निघालो. गाडीची काच आतून-बाहेरून पांढरी. हीटर लावायचा मोह झाला, पण कॅमेरे मागच्या सीटवर होते. थंडगार लेन्स उबदार हवेत आली की तिच्यावर दव धरतं आणि ते पुसून जात नाही, वाट पाहावी लागते. त्यामुळे खिडक्या किंचित उघड्या ठेवून, कानटोप्या ओढून गेलो. जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात. थंडीत त्या निम्म्यावर येतात.

चापडगावच्या फाटकाशी गाइडदादा उभे होते. गावातलेच, लहानपणापासून याच पाण्यात पोहलेले. डोक्याला मफलर, हातात जुनी दुर्बीण. त्यांनी एकच अट घातली. "बोलायचं नाही, आणि मी थांबलो की थांबायचं."

गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. बांधला तो कालव्यांसाठी, शेतीला पाणी द्यायला. पण दोन नद्यांचा गाळ वर्षानुवर्षं मागे साचत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये मातीची बेटं वर आली, त्यावर पाणगवत वाढलं, आणि पाणपक्ष्यांना हवं असतं ते सगळं आपोआप तयार झालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि २०२० च्या जानेवारीत जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. या रामसर नोंदीत गिधाडांबरोबर एका छोट्याशा माशाचाही उल्लेख आहे आणि त्याचं नाव आपल्या देवळालीवरून पडलंय. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

अजून अंधार होता. मनोऱ्याखालच्या आडोशात बसलो. दिसायच्या आधी सगळं ऐकू येत होतं. वारकऱ्यांची पाण्यावरची धावपळ, जांभळ्या पाणकोंबडीचं भांडण, टिटवी, आणि लांबवर क्रौंचांचा आवाज. क्रौंचांचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला कसा सांगावा? तुतारी वाजवणारा फार दूर असावा आणि मध्ये पाणी असावं, तसा. छातीत उतरतो. (काळ्याभोर अंगावर कपाळालाच तेवढं पांढरं गंध, अशा पक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्या माणसाला मला भेटायचं आहे.)

सात वाजून दहा मिनिटांनी सूर्य वर आला असेल, पण आम्हाला दिसला नाही. पाण्यावरून धुक्याचे लोट उठत होते. भाऊ सारखी बटणं दाबत होता. कॅमेऱ्याला धुक्यात पकडायला काही सापडत नव्हतं, लेन्स पुढे-मागे घुरघुरत होती. मी त्याच्या कानात सांगितलं, हाताने फोकस कर, आणि उजेड एका टप्प्याने वाढव. कॅमेऱ्याला धुकं उजळ वाटतं, त्यामुळे तो फोटो काळपट करून टाकतो.

तेवढ्यात ते आले. रात्री हरभऱ्यात चरलेले पट्टकादंब पहाटे पाण्यावर विश्रांतीला येतात. आधी आवाज, मग धुक्यात राखाडी डाग, मग पाय पुढे करून, पंख वाटीसारखे वळवून एकेक पाण्यावर. हे पक्षी तिबेट, लडाख, मंगोलियाच्या सरोवरांकाठी वाढतात आणि हिमालय ओलांडून इथे येतात. अंगावर यंत्रं बसवून त्यांचा मार्ग तपासला गेला तेव्हा सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झाली. तिथे माणसाला चार पावलं टाकणं जड जातं. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू ओढून घेतं. हे सगळं मी वर्गात मुलांना शिकवते. पण ते प्रत्यक्ष उतरताना पाहून मला शिकवल्यातला एक शब्दही आठवला नाही.

फोटो मात्र मिळाला नाही. ते आमच्यापासून दोनशे मीटरवर, बेटाच्या पलीकडच्या अंगाला उतरले. फ्रेममध्ये मुंग्यांएवढे. मी कॅमेरा खाली घेतला तेव्हा गाइडदादा हळूच म्हणाले, "ताई, लांबचा का होईना, अख्ख्या थव्याचा एक काढून ठेवा. मोजायला कामी येतो." जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून. त्यासाठी दादाही आपल्या वहीत आकडे लिहीत असतात. मी काढला एक, लेन्स पूर्ण मागे घेऊन, फारसं न बघता.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मला आवडत नाही.

साडेआठला धुकं उठलं. समोर चिखलात नऊ क्रौंच चरत होते, ऊन मागून येत होतं, पिसांच्या कडा सोनेरी झाल्या होत्या. गाइडदादा भावाला घेऊन मनोऱ्यावर गेले होते. पुढे तीस पावलांवर एक बाभूळ होती. तिथून मधलं गवत आड येणार नव्हतं. मी उठले. दहा पावलांवर कडेच्या क्रौंचाने मान सरळ केली. पंधरा पावलांवर तिघांनी. चरणं थांबलं. ही खूण मला माहीत होती. मान ताठ झाली, पक्षी एका बाजूला सरकायला लागला, की थांबायचं आणि मागे यायचं. मी हेच इतरांना सांगत आले आहे. तरी एक पाऊल टाकलं.

नऊही उठले. त्यांच्या ओरडण्याने पलीकडचे चक्रवाक उठले, थापट्ये, तलवार बदकं, गडवाल, भुवई बदकं, आणि शेवटी विश्रांतीला टेकलेले ते सगळे पट्टकादंब. दोन मिनिटं आकाश काळं होतं. माझं बोट मात्र बटणावर होतं, ते थांबलं नाही.

गाइडदादा खाली आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "आता पलीकडं खाणगाव थडीच्या अंगाला जातील. तिथं माणसांची वर्दळ. दुपारपर्यंत नीट खायचे नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "मार्चात त्यांना परत जायचंय ना. तेवढी चरबी इथंच धरायची असते."

पाहुण्याला जेवत्या ताटावरून उठवू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. तो फोटो माझ्याकडे आहे. पुढे तीन, मागे सहा, पंख पूर्ण पसरलेले, सूर्य पिसांतून आरपार. या सगळ्या सफरीत तांत्रिकदृष्ट्या तोच सर्वांत चांगला निघाला. मी तो कुणाला पाठवलेला नाही.

नऊच्या पुढे पाण्यावरची हवा थरथरायला लागली. कितीही महाग लेन्स असली तरी त्या थरथरीतून लांबचा पक्षी स्वच्छ येत नाही. भाऊ हिरमुसला. त्याला म्हटलं, आता जवळचं बघ. वाटेच्या कडेला पाझराचं पाणी साचलं होतं, भोवती लव्हाळं. आम्ही दोघं चिखलात पोटावर झोपलो, हरभऱ्याच्या पिशव्या पुढे, आणि हललो नाही.

पहिली वीस मिनिटं काही नाही. एक पांढरा धोबी शेपूट आपटत गेला. मग लव्हाळ्याच्या बुडाशी मातीच्या रंगाचं काहीतरी हललं, थांबलं, वळलं. गळ्यावर झळझळीत निळा पट्टा, त्याखाली तांबूस. शंकर पक्षी! वीसएक ग्रॅमचा जीव, उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून आलेला. पाच मीटरवर आला. पानं उलटत, किडे टिपत, शेपटी उभारून तिच्या बुडाची तांबडी बाजू दाखवत. मग चार मीटर. मग इतका जवळ की माझी लेन्स त्याला पकडेना, कारण तिला किमान तेवढं अंतर लागतं. भावाच्या लेन्सला जमत होतं. मला त्याच्या शटरचा आवाज येत होता, तीन-तीनच्या सरीत. नंतर त्याने जो फोटो दाखवला त्यात पक्ष्याच्या डोळ्यात आम्ही दोघं होतो, दोन काळे ठिपके.

दुपारी दादांच्या घरी चहा झाला, तिळगूळ झाला. त्यांनी पाण्याचं गणित समजावलं. वर दारणा, गंगापूर धरणांतून आवर्तन सुटलं की नांदूरची पातळी चढते. पाणी चढलं की चिखलाचे पट्टे बुडतात आणि शेकाट्ये, तुतवार यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. डोकं खाली, शेपूट वर करून चरणाऱ्या बदकांची मान तळाला पुरत नाही. कालव्यांना पाणी सोडून पातळी उतरली की पुन्हा मेजवानी. "लोक फोन करून विचारतात, पक्षी आलेत का. मी म्हणतो, आधी पाणी किती आहे ते विचारा." वरून येणाऱ्या पाणवेलींबद्दलही ते बरंच बोलले. शहराचं सांडपाणी नदीत मिसळतं, त्यावर त्या पोसतात आणि वाहत इथे येऊन थांबतात. ते शहर माझं आहे. मी ऐकून घेतलं.

संध्याकाळी त्याच आडोशात पुन्हा बसले, जागची न हलता. चमचे पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवत उथळ पाण्यात चालत होते, दलदली भोवत्या लव्हाळ्यावरून खालून खालून फिरत होता. क्रौंच अंधार पडताना परतले. मी मोजले. आठ. नववा मागून आला.

दिवस तिसरा: करिदिन

आत्याला हरभरे परत दिले (मोजून घेतले तिने) आणि निफाडमार्गे येवल्याला निघालो. ममदापूरच्या माळरानावर धाविक, चंडोल आणि पखुर्ड्या बघायच्या होत्या.

येवल्यात भोगी, संक्रांत, करिदिन असे तीन दिवस पतंग उडतात. गच्च्यांवर सगळं गाव, ढोल-ताशे, हातात बांबूची आसारी. पैठणीच्या गावाचं आकाशही पैठणीसारखंच रंगीत. आम्ही गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं बघत राहिलो. आसारीवरून मांजा सोडताना पोरांचे हात बघावेत, दुसरीकडे कुठे असं बघायला मिळत नाही.

गावाबाहेर पडल्यावर एका विहिरीशेजारच्या लिंबाच्या झाडाखाली तीन-चार पोरं वर बघत उभी होती. फांदीला एक ढोकरी लटकत होती, उलटी, एका पंखावर. मातकट पक्षी उडाला की एकदम पांढरा होतो तो हाच, आणि तो पांढरा पंख तिथे उघडून राहिला होता. फडफड थांबलेली. पोरांनी कुठूनतरी आकडी आणली. मोठ्या पोराने झाडावर चढून फांदी वाकवली, आणि मी खाली ओढणी धरली. दोरा कापताना माझ्याच बोटाला चिरा पडल्या. नायलॉन. तुटत नाही, कुजत नाही, उन्हात दिसत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली, तरी तो त्या लिंबावर होता. ज्या पोराने झाडावर चढून सोडवलं तो स्वतःची आसारी दाखवून म्हणाला, "ताई, आमचा सुती आहे. बघा, हाताने तुटतो." तोडूनही दाखवला.

पंखाच्या स्नायूत दोरा हाडापर्यंत गेला होता. अशा वेळी पक्ष्याला पाणी पाजायला जाऊ नये, ते श्वासनलिकेत जातं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडायची, तळाशी कापड घालायचं, आत ठेवून झाकायचं, म्हणजे अंधारात तो शांत राहतो. वनविभागाचा १९२६ हा नंबर लावला. माणूस येईपर्यंत सव्वा तास गेला. तो खोका भावाच्या मांडीवर होता. त्याने त्या सव्वा तासात कॅमेऱ्याला हात लावला नाही आणि एक शब्द बोलला नाही.

ममदापूरला पोचेपर्यंत साडेतीन झाले. त्यामुळे तिथलं फार सांगण्यासारखं नाही. काळविटांचे कळप दिसले, एक नर सुकलेल्या गवतात शिंगं मागे टाकून उभा, तो फोटो भावाला छान मिळाला. पखुर्ड्या पायाखालून उडाव्यात तशा उडाल्या, दिसेपर्यंत गेल्या. सूर्य खाली गेल्यावर भोवत्ये यायला लागले. हे शिकारी पक्षी झाडावर झोपत नाहीत, माळावर गवतातच जमिनीवर रात्र काढतात. म्हणून आम्ही गाडीतच बसलो, दिवे बंद करून. सात मोजले. फोटो काढण्याएवढा उजेड नव्हता.

दिवस चौथा: अंजनेरी

रात्री उशिरा नाशिकला घरी, चार तास झोप, आणि सकाळी त्र्यंबक रस्ता. नांदूरची थंडी ओली होती. इथली कोरडी, वारा कापत जाणारा. अंजनेरी गावातून पायऱ्यांच्या वाटेने निघालो. पुढे हनुमानाच्या दर्शनाला निघालेली एक दिंडीच होती, आजीबाई सत्तरीच्या, अनवाणी. आमच्या पाठीवर प्रत्येकी सहा किलो काच आणि लोखंड. त्या पुढे गेल्या.

अंजनेरी साधारण चार हजार दोनशे फूट. वरच्या कातळकड्यांवर लांब चोचीची गिधाडं राहतात. लांबून पाहिलं की काळ्या कड्यावर चुन्याचे ओघळ दिसतात, त्या त्यांच्या बसायच्या जागा. हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ. वर्षाला एकच अंडं. दोघं नर-मादी आळीपाळीने बसतात. एक बिचकून उठलं आणि अंडं थंड वाऱ्यात उघडं पडलं, तर त्या जोडीचं ते वर्षच गेलं. २०१७ पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

माझ्या लहानपणी मेलेल्या ढोराभोवती गिधाडं जमायची, हे आमचे वडील सांगायचे. मला आठवत नाही. नव्वदच्या दशकात ती नाहीशी व्हायला लागली आणि कारण कळेपर्यंत दहा वर्षं गेली. जनावरांना दुखण्यावर देत ते डायक्लोफेनॅक. ते जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवरही. मेलॉक्सिकॅम दिलं तर गिधाडाला काही होत नाही, आणि गाईचं दुखणंही थांबतं. गुरं पाळणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर डॉक्टरांना एवढं एक नाव विचारा.

भाऊ म्हणाला, अजून वरच्या कडेला गेलो तर घरटं डोळ्यांच्या पातळीवर येईल. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "नको. इथूनच." आम्ही पठाराच्या अलीकडे एका शिळेला टेकून बसलो.

साडेदहापर्यंत कडा नुसताच कडा होता. मग ऊन कातळावर तापलं, हवा वर चढायला लागली आणि पहिलं गिधाड कपारीतून नुसतं सुटलं. पंख हलवला नाही. दोन चकरा, आणि ते आमच्या उंचीला आलं. तिसऱ्या चकरेत डोक्यावरून गेलं, इतकं खालून की पंखांतून वाऱ्याचा आवाज आला, तागा फाडल्यासारखा. शटर १/२०००, सतरा फोटो, त्यातले चार नीट. एकात मानेचा लोकरीसारखा पांढरा पट्टा आणि त्यावर धूळ दिसते. एकूण अकरा मोजली. परतताना एक शाहीन ससाणा कड्यासमोरून रेघ ओढावी तसा गेला, त्याचा फोटो कुणाकडेच नाही.

खाली गावात चहा घेताना येवल्याला फोन लावला. ढोकरीला टाके पडलेत, जिवंत आहे, पण मासा अजून घेत नाही.

रात्री भावाला गाडीत बसवून आले. कार्डं रिकामी करायला बसले तेव्हा तो धुक्यातला, लांबचा, न बघता काढलेला फोटो समोर आला. गाइडदादांचा निरोप येऊन पडला होता, गणनेसाठी आकडा कळवा. फोटो मोठा केला. राखाडीवर राखाडी ठिपके. कुठे मान, कुठे नुसती पाठ, कुठे पाण्यात पडलेली सावली. पडद्यावर पेन्सिल धरून मोजत गेले. त्रेसष्ट. पुन्हा मोजले. त्रेसष्ट. फोटो भावाला पाठवला. तो संगमनेरच्या पुढे पोचला होता. त्याचं उत्तर आलं, एकसष्ट. मी लिहिलं, डावीकडे गवताच्या टोकाशी बघ, एकामागे एक दोन आहेत. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "एक दिसला. दुसरा दगड आहे." मी पुन्हा मोठा केला. त्या दगडाच्या डोक्यावर दोन पट्टे होते.